न नेलेली दाढ

नलूताई गेल्याचा फोन आला तेव्हा माझ्या तोंडात दात नव्हते. सकाळची वेळ, कवळी अजून वाटीतल्या पाण्यात. तिच्या भाचेसुनेचा, स्मिताचा आवाज आला, "विनूकाका, आत्या गेली... पहाटे, झोपेतच." मी "आलोच" म्हणालो, पण दात नसले की शब्दाचा नुसता वारा होतो. पलीकडून स्मिता पुन्हा पुन्हा विचारत राहिली, "काका, ऐकू आलं ना? येताय ना?" शेवटी फोन तसाच कानाला धरून मी वाटीतली कवळी तोंडात घातली आणि नीट म्हटलं, "आलोच." ती कवळी नलूताईने केलेली होती. म्हणजे तिच्या जाण्याच्या बातमीला मी जे पहिलं धड उत्तर दिलं, ते तिच्या हातच्या दातांनी दिलं. हे रिक्षात बसल्यावर माझ्या लक्षात आलं, आणि मग तिचं घर येईपर्यंत मला मान वर करता आली नाही. याला आता पाच आठवडे झाले. या पाच आठवड्यांत मी एक काम केलं, जे बारा वर्षांपूर्वी करायला हवं होतं. हे लिहितोय ते तिच्यासाठी, आणि त्या कामासाठीही.

नलूताई माझी मावसबहीण, माझ्याहून आठ वर्षांनी मोठी. रत्नागिरीत गाडीतळावरून खाली उतरणाऱ्या एका बोळात तिची कवळ्या करायची खोली होती. दुकान म्हणावं तर पाटी नाही, घर म्हणावं तर आत माणसांपेक्षा जबडे जास्त. हे काम तिच्या वडिलांचं. मुलगा या कामात रमला नाही, मुलगी रमली. मॅट्रिक झाल्यावर ती वडिलांच्या शेजारी स्टुलावर बसली आणि त्यानंतर जवळजवळ साठ वर्षं तिथेच बसली. लग्न केलं नाही. का नाही केलं, हे विचारायची आमच्या घरात कोणाची हिंमत नव्हती. डॉक्टर लोक तोंडाचं माप घेऊन त्यावरून प्लास्टरचा जबडा ओतत आणि तो तिच्याकडे पाठवत. शहरातले रिक्षाने, खेड-मंडणगडकडचे एसटीच्या कंडक्टरच्या हाती. ती त्यावर मेण चढवी, मेणात दात लावी, आणि मग त्याची गुलाबी कवळी होई. ती न्यायला माणूस स्वतः तिच्याकडे येई. प्लास्टरचा जबडा मात्र ती टाकत नसे. भिंतीवरच्या फळ्यांवर ओळीने मांडून ठेवी. प्रत्येकाच्या तळाला शिसपेन्सिलीने माणसाचं नाव, गाव, आणि खाली दोन शब्द: 'नेली नाही'. कवळी तयार झाली, पण माणूस अजून आलेला नाही, असा त्याचा अर्थ. माणूस येऊन घेऊन गेला की ती त्या दोन शब्दांवर एक आडवी रेघ मारी. खोडरबराने कधी पुसत नसे. कितीतरी जबड्यांवर रेघ पडलीच नव्हती. कोणी मुंबईला मुलाकडे गेला तो परत आला नाही, कोणी त्याआधीच गेला. "असू देत," ती म्हणायची, "नेईल तेव्हा नेईल. आपण टाकायची नाही."

तिला तोंडं वाचता येत. माणूस न बघता, नुसता जबडा हातात घेऊन, त्यातल्या उरल्यासुरल्या दातांवरून ती सांगायची, हा शिंपी आहे बघ, पुढच्या दाताला दोऱ्याची खाच आहे. हा सुपारी डाव्या दाढेत धरतो. ही बाई जाळ्याचा दोरा दाताने तोडते, दाभोळकडची असणार. आणि निघायची दाभोळकडचीच. तोंडाळ गिऱ्हाइकांशी तिचं छान जमे. एक म्हातारा मंडणगडहून तीनदा खेपा घालून गेला, त्याला विचारलं, एवढी कसली घाई आहे हो दातांची? तर म्हणाला, "बाय गो, पेजंला दात कशाला? पन सुका बांगडा खायाचा तर दात होवेत." ती हे वाक्य किती वर्षं सांगत होती. मी तेव्हा कॉलेजात प्राणिशास्त्र शिकवत होतो, आणि खरं सांगायचं तर आमच्या घरात माझ्या पदवीचा फार दरारा होता. ताईच्या कामाला कोणी विद्या म्हणत नसे. मीही नाही.

आमच्या कॉलेजच्या छोट्याशा संग्रहालयात माणसाच्या जुन्या नातलगांच्या कवट्यांच्या प्रतिकृती होत्या, कोणे एके काळी आणलेल्या. इथल्या दमट हवेत प्लास्टर फुगलं, चिरलं, आणि एक दिवस अख्खी फळीच खाली आली. मी सगळे तुकडे दोन बाजारच्या पिशव्यांत भरून ताईकडे नेले. म्हटलं, जोडता येतील तेवढे जोड. तिने पिशवीतून एक एक तुकडा काढून खिडकीच्या उजेडात धरला, आणि पुढचे तीन महिने मला रोज कॉलेज सुटल्यावर तिच्याकडे जावं लागलं, कारण तिचे प्रश्न संपेनात. पहिल्याच आठवड्यात म्हणाली, "विनू, ह्याच्या कवटीचं भोक अगदी खाली आहे. आणि ह्या दुसऱ्याचं मागच्या अंगाला सरकलंय. का रे?" मी सांगितलं, मज्जारज्जू ज्यातून जातो ते भोक ज्याचं खाली, त्याचं डोकं कण्यावर सरळ तोललेलं, म्हणजे तो दोन पायांवर चालणारा. मागे सरकलेलं भोक चिंपांझीचं. ती थोडा वेळ कवटी तळहातावर तोलत राहिली आणि म्हणाली, "म्हणजे मेंदू वाढायच्या आधीच हा चालायला लागला होता. डोकं तर एवढंसंच आहे." वर्गात ही गोष्ट मुलांच्या गळी उतरवायला मला तासभर लागे.

असंच एकदा मोठमोठ्या दाढांच्या एका कवटीवरून झालं. तिच्या डोक्यावर मधोमध हाडाचा उभा कंगोरा आहे, चावायचे स्नायू तिथपर्यंत चढलेले. मी पुस्तकातलं सांगितलं की हा कठीण कवचाची फळं फोडून खात असणार. ताई म्हणाली, "दाढ मोठी म्हणून काय खायचा ते ठरवू नको. घासलीय कशी ते बघ. फोडणाऱ्याच्या दाढेला टवके जातात, हिची नुसती सपाट झालीय." पुढे काही वर्षांनी मी वाचलं की त्या कुळातल्या एका जातीच्या दाढांवरचे बारीक चरे तपासून शास्त्रज्ञही त्याच शंकेला आले होते, की तो बहुतेक गवतासारखं काहीतरी दिवसभर रवंथ केल्यासारखं चघळत बसत असेल. मी ते तिला सांगायला गेलो तर तिला त्याचं काही विशेष वाटलं नाही. दुसऱ्या एका जबड्यात, दोन दाढांच्या मधे, हिरडीच्या रेषेवर एक गोल घळ होती. तिने ती बोटाने चाचपली आणि म्हणाली, "हा जेवल्यावर काडी घालायचा. आमच्याकडे हिराची काडी घालणाऱ्यांचं अस्संच होतं." माडाच्या झावळीचा हीर तिथे नसेल, गवताची काडी असेल, पण सवय तीच. आणि पुढच्या दातांवरचे तिरपे चरे मी तिला फोटोत दाखवले तेव्हा ती उठली, डब्यातून आंब्याच्या साठाचा, म्हणजे आंबापोळीचा, तुकडा आणला, एक टोक दातांत धरलं, दुसरं डाव्या हाताने ताणलं, आणि उजव्या हातातल्या मेणाच्या सुरीने तो ओठांपाशी कापला. मग तोंडातला तुकडा चघळत म्हणाली, "सुरी निसटली की दाताला चरा पडणार. माणूस उजवा असला तर एका बाजूला तिरका, डावखुरा असला तर उलटा. हा उजवा होता." हजारो पिढ्यांपूर्वी मांस दातात धरून दगडाने कापणारा कोणी एक, त्याचा उजवा हात... तो त्या दिवशी तिच्या खोलीत मला प्रत्यक्ष दिसला. माझं सगळं शिक्षण पुस्तकातलं आहे हे मला त्या दिवशी पहिल्यांदा जाणवलं, आणि ते मला आवडलं नाही.

त्या तुकड्यांत एक जबडा असा होता, की त्यात एकही दात नव्हता. दातांच्या खोबणीही नव्हत्या, हाड भरून येऊन सगळं गुळगुळीत झालेलं. म्हणजे दात पडल्यावरही हा माणूस बरीच वर्षं जगला. हा माझा वर्गातला हुकमी तास होता. मी आवाज जरा खाली आणून मुलांना सांगायचो की विचार करा, ज्याला चावता येत नाही त्याला त्या काळात कोणीतरी मऊ करून भरवलं असेल, माणुसकीचा हा सगळ्यात जुना पुरावा. मुली डोळे पुसत. ताईला मी हेच, त्याच आवाजात सांगितलं. तिने जबडा उलटासुलटा केला आणि म्हणाली, "तो जगला, एवढंच जबडा सांगतो. पेज कोणी केली ते जबडा सांगत नाही. ते तू घालतोस."

"पण कोणीतरी केलीच असेल ना?" मी जरा दुखावून म्हटलं.

"असेल रे. केली असेल तर बरंच आहे. पण दिसतंय काय आणि आपल्याला वाटतंय काय, ह्याचे दोन वेगळे डबे ठेवावेत. मी कवळी करताना गिऱ्हाइकाच्या तोंडात काय आहे ते बघत्ये. त्याला काय हवंय ते बघून केली तर बसायची नाही."

शिवालिकच्या डोंगरांत सापडलेल्या जबड्याचंही तसंच. आमच्या पिढीला तो रामापिथेकस नावाने, माणसाचा थेट पूर्वज म्हणून शिकवला होता. कारण त्याच्या दातांची कमान आपल्यासारखी गोल दिसते, असं सांगत. त्या जबड्याचं चित्र पाहून ताई म्हणाली, "ह्यात मधला भागच नाहीये. मध्य नसताना कमान कशी लावली? दोन बाजू आहेत, त्या जवळ आणा नाहीतर लांब न्या, हवी तशी कमान बसेल. असलं माप मी डॉक्टरकडे परत पाठवत्ये." नेमकी तीच चूक झाली होती. पुढे त्या कुळातला अख्खा चेहरा सापडला आणि तो निघाला ओरांगउटानच्या घराण्यातला. मी ही गोष्ट नंतर वर्षानुवर्षं वर्गात रंगवून सांगत असे. शेवटी थोडं थांबून म्हणायचो, पाहिलंत, विज्ञानाचा मोठेपणा यात आहे की त्याला आपली चूक कबूल करता येते. काय तो आव. आता आठवलं की कानशिलं तापतात.

माझ्या निवृत्तीला दोन वर्षं उरली होती तेव्हा मंडणगडकडचा माझा एक जुना विद्यार्थी कंपासपेटीत कापसावर ठेवलेली एक दाढ घेऊन आला. विहीर खणताना कातळाच्या भेगेतल्या मातीत सापडली म्हणाला. जांभ्या दगडासारखी लाल, जड, वरचा थर जाड, चार बुटके गोल उंचवटे, झिजून गुळगुळीत झालेले. मी भिंगाखाली धरली आणि पुन्हा पुन्हा फिरवून पाहिली. आपल्या देशात माणसाच्या एवढ्या जुन्या नातलगांचं सापडलंय ते फारच थोडं, एक नर्मदेकाठची कवटी सोडली तर बोट दाखवावं असं काही नाही. आणि ही आपल्या जिल्ह्यात... तीस वर्षं मी दुसऱ्यांना सापडलेल्या गोष्टींचं प्लास्टर मुलांना दाखवत आलो होतो. प्लास्टर नसलेली वस्तू पहिल्यांदा माझ्या हातात आली होती. मी एका बातमीदाराला सांगितलं, "आदिमानवसदृश प्राण्याची दाढ असण्याची शक्यता नाकारता येत नाही." हे वाक्य मी फार विचार करून, सावधपणे बोललो होतो असं मला वाटत होतं. छापून आलं 'मंडणगडात आदिमानव'. कॉलेजने सत्कार ठरवला.

सत्काराच्या आदल्या दिवशी दुपारी मी ती दाढ ताईला दाखवायला नेली. शाबासकी घ्यायलाच गेलो होतो. तिने हात धुतले, दाढेचं माप घेतलं, प्लास्टर ओतलं आणि ते घट्ट होईपर्यंत मला चहा दिला. मग प्लास्टरची दाढ काढून पेन्सिलीच्या टोकाने दाखवायला लागली. "विनू, मोठे उंचवटे चार, ते तुला दिसले. पण त्यांच्या मधे मधे हे बारके दाणे बघ. झिजलेत, पण आहेत. आणि रुंदीपेक्षा लांबी जास्त. ही रानडुकराची दाढ आहे रे. झिजलेली असली की फसायला होतं, डुकराची दाढ माणसासारखीच असते." मी म्हटलं, रंग बघ, केवढी जुनी आहे. ती म्हणाली, "रंग मातीचा. चार पावसाळ्यांत चढतो. आणि तूच सांगायचास ना, जांभ्याच्या मातीत हाड टिकत नाही, विरघळून जातं म्हणून?" हे मी खरंच सांगायचो. दर वर्षी, पहिल्या सत्रात.

त्यावर मी जे बोललो ते इथे लिहायलाच हवं, नाहीतर या लेखाला अर्थ नाही. मी म्हणालो, "ताई, तू कवळ्या कर. कवळ्या करणारणीने प्राणिशास्त्र शिकवू नये."

ती रागावली नाही. प्लास्टरची दाढ बाजूला ठेवली, माझी दाढ पुसून कंपासपेटीत घातली आणि पेटी माझ्या हातात देत एवढंच म्हणाली, "उद्या शाल घेऊ नको, विनू." दुसऱ्या दिवशी मी शाल घेतली, नारळ घेतला, अर्धा तास भाषण केलं. दाढ संग्रहालयात काचेच्या पेटीत गेली, खाली माझ्या अक्षरातली चिठी: 'आदिमानवसदृश दाढ, मंडणगड तालुका.' शाळांच्या सहली यायला लागल्या. आणि ताईकडे जाणं मी बंद केलं.

सहा वर्षं गेलो नाही. ती कोणाला काही बोलली असती तरी मला राग धरता आला असता. तिच्याकडे रोज डॉक्टरांची माणसं येत, तिने सहज एक शब्द टाकला असता तर संध्याकाळपर्यंत गावभर झाला असता. पण ती गप्प राहिली, आणि तिच्या त्या गप्प राहण्याचाच मला जास्त राग यायचा. पुण्याच्या एका जाणकारांनी पत्र लिहून मूळ दाढ बघायला मागितली होती, मी उत्तर दिलं नाही. सासुरवाडीला गोठ्यामागे एकदा रानडुकराचा जबडा पडलेला दिसला, मी मान फिरवून पुढे गेलो. ज्याला खरंच माहीत नसतं तो मान फिरवत नाही. म्हणजे मला कळलं होतं. नुसतं चुकणं वेगळं, आणि कळल्यावर चुकीला काचेखाली ठेवून तिच्यावरची धूळ पुसत राहणं वेगळं. मी दुसरं केलं.

दरम्यान माझे दात गेले. मुलाने पुण्यात कवळी करून दिली, चांगल्या ठिकाणी, पण ती कधी बसलीच नाही. बोलताना टकटक वाजायची, जेवताना टोचायची. दोन वर्षं मी ती पुण्याची म्हणून सहन केली. शेवटी एक दिवस पाय आपोआप त्या बोळात वळले. ताई स्टुलावरच होती, केस पार पांढरे झालेले. मान वर करून म्हणाली, "आलास? बस. तोंड उघड." एरवी ती स्वतः माप घेत नसे, माझं घेतलं. मेण कापता कापता म्हणाली, "तू उजवीकडून जास्त चावतोस. लहानपणापासूनच. पुण्यात कोणी बघितलं नाही काय?" मी तोंड उघडं ठेवून बसलो होतो, त्यामुळे मला बोलावं लागलं नाही. आता ती दाढेचा विषय काढेल, आता काढेल... तिने काढला नाही. आठ दिवसांनी कवळी दिली. ती पहिल्या दिवसापासून माझी होती. मी पुन्हा जायला लागलो, गप्पा पुन्हा सुरू झाल्या, पण कवट्यांचा विषय आमच्यात कधी निघाला नाही.

दोन वर्षांपूर्वी ताईला अर्धांगाचा झटका आला. उजवी बाजू गेली, तोंड वाकडं झालं, आणि जिने गावभराचे जबडे भरले तिच्या स्वतःच्या तोंडात कवळी थांबेना. बोलणं फार थोडं उरलं. तिच्या भावाचा मुलगा जहाजावर असतो. त्याची बायको स्मिता तिला सांभाळायची, पण तिची कचेरी होती. म्हणून दुपारची पेज माझ्याकडे आली. स्मिता सकाळी पेज करून ठेवी, मी बाराला जाऊन कोमट करून भरवी. डाव्या गालाकडून, अर्धा अर्धा चमचा. भरवताना मला तो बिनदातांचा जबडा रोज आठवायचा. एक दिवस, का कोण जाणे, चमचा हातात असतानाच मी म्हटलं, "ताई, ती दाढ डुकराचीच होती. मला फार आधीच कळलं होतं. मी तुला बोललो ते..." तिने घास गिळला. मग एकेक शब्द ओढत म्हणाली, "मला... नको सांगू. चिठी... बदल."

"बदलतो," मी म्हटलं. "ह्याच आठवड्यात."

त्यानंतर मला तीन आठवडे मिळाले. तीन आठवडे कमी नव्हते, कॉलेज रिक्षाने दहा मिनिटांवर आहे. आज प्राचार्या रजेवर, उद्या परीक्षा, परवा माझाच रक्तदाब. ताईने दोनदा विचारलं, "बदललीस?" तिसऱ्यांदा विचारलं नाही, नुसतं तोंड उघडलं, चमच्यासाठी. माणसाने आपली आशा सोडल्याचं मी त्या दिवशी अगदी जवळून पाहिलं. आणि तरीही मी गेलो नाही.

त्या सकाळी पोचलो तेव्हा स्मिताने ताईच्या तोंडात तिची जुनी कवळी बसवली होती. म्हणाली, "चेहरा आत्याचा दिसायला हवा ना, काका." दिसत होता. दोन वर्षांनी तिचा खरा चेहरा दिसला. दात सगळ्यात जास्त टिकतात हे मी आयुष्यभर शिकवलं. हाडं जातात, दात राहतात, लाखो वर्षांनी आपल्याबद्दल तेच बोलतात. पण अस्थी गोळा करताना मी त्या राखेत हात घातला, तर ताईचं असं काहीच नव्हतं, कवळीही जळून गेली होती. उद्या कोणी कितीही खणलं तरी ती शेवटी काय खात होती आणि तिला कोण भरवत होतं, हे सांगणारं काही सापडणार नाही. म्हणून इथे लिहून ठेवतो. पेज स्मिताने केली, दोन वर्षं, कचेरीला जायच्या आधी. मी फक्त भरवली.

दिवस झाल्यावर स्मिताने मला फळ्या आवरायला बोलावलं. जबडे शेकड्यांनी होते. मी एक एक उचलून तळ वाचत होतो. खेड, नेली नाही, रेघ. दापोली, नेली नाही, रेघ. मंडणगड, तो सुक्या बांगड्याचा म्हातारा, रेघ. माझा जबडा सापडला, 'विनू, रत्नागिरी', त्यावरही रेघ. आणि त्याच्या मागे, भिंतीला टेकून, सुपारीएवढं काहीतरी. प्लास्टरची दाढ. मी उलटी केली. तळ एवढासा, तरी तिने बारीक अक्षरात सगळं बसवलं होतं: 'रानडुक्कर. मंडणगड. विनू. नेली नाही.' त्यावर रेघ नव्हती... मी तिथेच तिच्या स्टुलावर बसलो आणि रडलो. बारा वर्षं ती दाढ माझ्या नावाने तयार होती, आणि तिने टाकली नव्हती.

दुसऱ्या दिवशी कॉलेजात गेलो. प्राचार्या माझीच विद्यार्थिनी. सगळं ऐकून घेतल्यावर ती हळूच म्हणाली, "सर, राहू दे ना. मुलं किती आवडीने बघतात ती."

"म्हणूनच," मी म्हटलं.

जुनी चिठी मी फाडली नाही, तिच्यावर आडवी रेघ मारून पेटीतच राहू दिली. शेजारी नवी ठेवली: 'रानडुकराची दाढ, मंडणगड तालुका. आधीची ओळख माझी होती व ती चुकीची होती. बरोबर ओळख दाढ मिळाली त्याच आठवड्यात नलिनीताई, कवळ्या करणाऱ्या, रत्नागिरी, यांनी केली होती.' खाली सही. प्राचार्या म्हणाली की आता मुलांना आदिमानवाच्या दाढेऐवजी आम्ही काय दाखवायचं? मी म्हटलं, हेच.

तिथून सरळ ताईच्या खोलीवर गेलो. तिची पेन्सिल मेणाच्या सुरीशेजारी होती, टोक तिनेच कधीतरी सुरीने काढलेलं. प्लास्टरच्या दाढेच्या तळाला त्या दोन शब्दांवर मी आडवी रेघ मारली. रेघ वाकडी आली. स्मिता दारात उभी होती. म्हणाली, "काका, ही परत फळीवर ठेवू?"

"नको," मी म्हटलं. "नेतो आता."

ती माझ्याकडे आहे, कवळीच्या वाटीशेजारी. सकाळी चष्मा नसतो, दात नसतात, वाटी शोधताना हाताला आधी तीच लागते.